धाकटीच्या वाट्याचं

त्या संध्याकाळी जेवताना मानसीने ताटातला हात मागे घेतला आणि खाली बघत ती म्हणाली, "बाबा, मला नाही जमत आता कॉलेज." ते ऐकून तिच्या थोरल्या भावाला, सम्यकला, सगळ्यात आधी जे वाटलं ते त्याने पुढे कुणालाही सांगितलं नाही. त्याला बरं वाटलं. अगदी पोटातून बरं वाटलं. आता होईल, असं त्याच्या मनात आलं. आता बाबा ताट सरकवून उठतील, आई ओट्याकडे तोंड करून उभी राहील आणि घरात ती शांतता उतरेल, जिच्यात तो एकटा राहून आला होता. या खेपेला ती दुसऱ्या कुणाच्या वाट्याला येईल.

तसं झालं नाही. बाबा उठले, पण हात धुवायला. हात पुसत परत आले, मुलीशेजारी मांडी घालून बसले आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "नाही जमत तर नाही जमत. काहीतरी करू आपण. आधी जेव."

सम्यकने हातातला घास ताटात परत ठेवला. 

परळच्या बीआयटी चाळीतल्या त्या खोलीत गमऱ्यांची तिसरी पिढी वाढत होती. आजोबा कोंडीराम चिपळूणकडून येऊन गिरणीत लागले, ते गिरणीला टाळं लागेपर्यंत तिथेच राहिले. वडील विकास बेस्टच्या आगारात बसगाड्यांची इंजिनं दुरुस्त करायचे. आई कांता लालबागला पालिकेच्या शाळेत शिकवायची. घरात शिक्षणाला पहिला मान. बाबासाहेबांच्या तसबिरीखालची फळी पुस्तकांची होती आणि तिच्यावर कुणी साधी चहाची बशी ठेवली तरी कोंडीराम चिडायचे. सम्यक बारावीला चाळीत पहिला आला. शहरातल्या त्या नावाजलेल्या इंजिनीअरिंग कॉलेजात, ज्याच्यासाठी पोरं दोन-दोन वर्षं क्लासच्या बाकांवर झिजतात, त्याला प्रवेश मिळाला. चाळीच्या तोंडाशी मंडळाने त्याच्या फोटोचा भलामोठा बॅनर लावला. कोंडीरामांचे गुडघे गेलेले, तरी ते कठड्याला धरून प्रत्येक मजला चढले आणि दारोदार पेढे वाटून आले.

पहिल्याच महिन्यात सम्यकच्या लक्षात आलं की वर्गातल्या प्रत्येक पोराचा कुठे ना कुठे असा बॅनर लागलेला आहे. तो मराठी शाळेतला. सर बोलायचे ते त्याला समजायचं, फक्त समजेपर्यंत फळा पुसलेला असायचा. सबमिशन, व्हायवा, टर्मवर्क, पुन्हा सबमिशन. जर्नल पूर्ण करावं तर वाचन राहायचं, वाचावं तर जर्नल राहायचं. दुसऱ्या वर्षी त्याला एकदम चार केटी लागल्या, म्हणजे चार विषय राहिले. घरी त्याने दोनच सांगितल्या. बाबांनी विचारलं, बाकीच्या पोरांना जमतं ती काय वेगळं खातात?  त्यानंतर वर्गाच्या दारात उभं राहिलं की त्याला घाम फुटायला लागला, कानात गरम व्हायला लागलं. एक दिवस तो दारातून परत फिरला. दुसऱ्या दिवशी गेटातूनच. मग रोज डबा आणि बॅग घेऊन निघायचा आणि माझगावच्या टेकडीवरच्या बागेत जाऊन बसायचा. खाली गोदी दिसायची, क्रेन सावकाश वळताना दिसायच्या. संध्याकाळी रिकामा डबा घेऊन घरी.

कॉलेजने बाबांना बोलावून घेतलं तेव्हा सगळं उघडं पडलं. ते तिथून आले, चपला काढल्या आणि म्हणाले, "आम्ही तुला काय कमी केलं?" त्यानंतर त्यांनी बोलणंच टाकलं. हात उगारला नाही, आवाज चढवला नाही. कामावरून यायचे, चहा घ्यायचे, पेपर उघडायचे आणि मुलगा समोरून गेला की पान उलटायचे. आई बोलायची, पण बोलता बोलता तिला रडू यायचं, म्हणून सम्यकच तिला टाळायचा. गॅलरीत बसलेल्या कोंडीरामांना कुणी नातवाचं विचारलं की ते सांगायचे, पोरगा आजारी आहे. पोरगा पोटमाळ्यावर पडून असायचा. गणपती आले नि गेले, जयंती आली, खाली मिरवणुकीचा ढोल वाजला, तरी तो उतरला नाही. त्याच वर्षी कोंडीराम गेले. शेवटपर्यंत नातू त्यांच्या लेखी आजारीच होता.

पुढे तो पुन्हा त्या बागेत जाऊन बसायला लागला. तिथे रोज फिरायला येणारे कास्मीर परेरा नावाचे एक म्हातारे गृहस्थ होते, माझगावचेच, लिफ्ट कंपनीतून फोरमन होऊन निवृत्त झालेले. त्यांनी त्याला आधीही पाहिलं होतं. एके सकाळी शेजारी बसत त्यांनी विचारलं, "काय रे बाळा, तुझी सुट्टी संपते कधी?" चौकशी एवढीच केली. पुढच्या आठवड्यात त्यांच्या शब्दावर सम्यक त्या कंपनीत हेल्पर म्हणून लागला. काम त्याला मानवलं. बिघाड असतो, तो सापडतो, दुरुस्त होतो आणि लिफ्ट पुन्हा चालू होते, यात मार्क देणारं कुणी नव्हतं. होता होता तो लालबाग-परळ भागाचा सुपरवायझर झाला. जिथे गिरण्या होत्या तिथल्या टॉवरांमधल्या लिफ्ट आता त्याच्या ताब्यात होत्या. बाबा त्याच्याशी पुन्हा बोलायला लागले, पण कामापुरतं. वीजबिल भरलं का, किल्ली कुठे आहे, रविवारी घरी आहेस का.

मानसी त्याच्याहून आठ वर्षांनी लहान. तिला त्याच कॉलेजात प्रवेश मिळाला तेव्हा सम्यकने तिला मिठाईचा पुडा आणून दिला, आणि आणताना दुकानात आपले दात आपोआप आवळले गेलेत हे त्याच्या लक्षात आलं. मंडळाची पोरं बॅनरचं विचारायला आली. बाबांनी त्यांना दारातूनच परत पाठवलं, नको म्हणाले, पोरीवर उगाच ओझं. सम्यक तेव्हा आत दाढी करत होता. ओझं हा शब्द बाबांच्या तोंडून त्याने पहिल्यांदा ऐकला.

मग ते रोजचंच झालं. तिच्यासाठी खिडकीशी टेबल आलं. सम्यक पाटावर वही ठेवून शिकला होता. ती अभ्यासाला बसली की टीव्ही बंद व्हायचा. त्याच्या वेळी आईच्या मालिका चालू असायच्या आणि तो कानात कापूस घालायचा. त्याला विचारायचे, अभ्यास झाला का? तिला विचारायचे, झोप झाली का? बाबांनी आगारातल्या कुणाकडून तरी ऐकून मोबाइलवर मुलांच्या ताणाबद्दलचे कार्यक्रम बघायला सुरुवात केली. चष्मा कपाळावर चढवून, आवाज बारीक करून, गॅलरीच्या टोकाला उभं राहून ते बघायचे. सम्यक जिना चढून आला की ते घाईने मोबाइल खिशात घालायचे.

पहिल्या वर्षी मानसीचा निकाल उत्तम लागला. सम्यक "छान" म्हणाला, चपला घातल्या आणि भारतमाता सिनेमापर्यंत चालत जाऊन परत आला. आपली बहीण हुशार आहे याचा राग येणारा माणूस कसा असतो, असं त्याने स्वतःला विचारून पाहिलं. पण त्याचा राग तिच्या मार्कांवर नव्हता. चाललंय ते चालू दे, कधीतरी हिलाही तो घाम फुटेल, मग बघू घरातले काय करतात, अशी एक गोष्ट तो मनाच्या तळाशी धरून बसला होता आणि त्या गोष्टीकडे बघायला त्यालाही नको वाटायचं.

तिसऱ्या वर्षी ते झालं. इलेक्ट्रॉनिक्सच्या व्हायवाला, तोंडी परीक्षेला, बाहेरून आलेल्या परीक्षकांनी साधा प्रश्न विचारला. उत्तर तिला येत होतं, पण आवाज फुटला नाही. ते म्हणाले, इथपर्यंत आलात कशा? शेजारची मुलं हसली असं तिला वाटलं; हसली की नाही ते तिलाही नीट सांगता आलं नाही. त्यानंतर लेक्चरला बसलं की तिची बोटं गार पडायची. हजेरी घसरली, प्रॅक्टिकल बुडाली. आणि मग ती जेवणाची संध्याकाळ आली आणि बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

दुसऱ्या दिवशी बाबांनी रजा टाकली. जन्मात कधी फुकट रजा न टाकलेला माणूस इस्त्रीचा शर्ट घालून मुलीबरोबर कॉलेजात गेला. तिथे आता विद्यार्थ्यांसाठी समुपदेशन केंद्र होतं. बाबा तिथून आले ते नवे शब्द घेऊनच. हा आजार असू शकतो, यात तिचा दोष नाही, वर्ष गेलं तर गेलं, असं ते आईला समजावून सांगत होते. आईने तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी केली, मानसीला आवडते तशी, जास्त खोबरं घालून. सम्यकलाही ती आवडायची. आईने त्याच्याही ताटात वाढली, पण आधी मानसीच्या.

तो आठवडा त्याने कसाबसा काढला. मग एका संध्याकाळी आई-बाबा बुद्धविहारात गेलेले असताना मानसी खिडकीशी नुसती बसून होती. पुस्तक उघडं, नजर बाहेर. सम्यक कामावरून आला, त्याने बूट काढले आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "तुझं बरं आहे."

तिने विचारलं, काय बरं आहे?

"हेच. तोंडातून शब्द काढायचा अवकाश, सगळं घर हातावर झेलायला हजर. मलाही घाम फुटत होता. माझे पण हात गार पडत होते. माझ्या डोक्यावर कुणी हात ठेवला होता?" आणि थांबायला हवं होतं तिथे न थांबता तो पुढे म्हणाला, "हे नाटक मला सुचलं असतं तर मीही आज इंजिनीअर असतो."

मानसीने पुस्तक मिटलं. ती उठली आणि तिने त्याच्यासाठी चहा ठेवला. तो चहा त्याला प्यावा लागला. आई-बाबा आल्यावर ती काहीतरी सांगेल असं वाटून तो वाट बघत राहिला. तिने काहीच सांगितलं नाही. तिचा हा चांगुलपणाही त्याला सहन होईना.

तिने मात्र त्यानंतर कॉलेजला जायचं ठरवलं. अडचण गेटाची होती. बसमधून उतरेपर्यंत ती ठीक असायची, गेट दिसलं की पाय अडायचे. बाबांची रजा संपत आली होती, आईच्या शाळेत परीक्षा चालू होत्या. एके सकाळी बाबा सम्यकजवळ आले, खोकले आणि म्हणाले, तुझी शिफ्ट दहाची असते, तिला गेटपर्यंत सोडून जाशील का?

नाही म्हणायला त्याला कारण सापडलं नाही. त्या गेटात काही झालं तरी पाय ठेवायचा नाही एवढं त्याने मनाशी ठरवलं आणि तो निघाला.

आठ वर्षांत तो त्या रस्त्याने गेला नव्हता. त्या बाजूची कामं तो दुसऱ्या टेक्निशियनला द्यायचा.  बसमधून उतरल्यावर मानसी त्याच्या अर्धं पाऊल मागे चालत होती. गेट समोर आलं आणि ती थांबली. तोही थांबला. आपल्याही कानात गरम होतंय, शर्ट पाठीला चिकटतोय, हे त्याला जाणवलं आणि त्याला संताप आला. एवढ्या मोठ्या टॉवरच्या शाफ्टमध्ये लिफ्टच्या टपावर उभा राहून काम करणारा माणूस तो, आणि एका लोखंडी गेटासमोर त्याची ही गत.

"तुला पण होतंय?" मानसीने विचारलं.

तो म्हणाला, चल, चहा घेऊ.

कोपऱ्यावरच्या उडप्याकडे दोघं बसली. इडली मागवली, ती तशीच राहिली. मग मानसी बोलायला लागली. तो पोटमाळ्यावर असायचा तेव्हा त्याचं ताट वर नेऊन द्यायचं काम तिच्याकडे होतं, ती तेव्हा बारा वर्षांची होती. तो भिंतीकडे तोंड करून पडलेला असायचा. ताट ठेवून ती शिडीवर थोडा वेळ थांबायची, तो वळून बघेल म्हणून. एकदाही बघितलं नाहीस तू, ती म्हणाली. सम्यकला यातलं काहीच आठवत नव्हतं. ताट यायचं एवढं आठवत होतं.

मग ती म्हणाली, "दादा, बाबा डोक्यावर हात ठेवतात ना, तेव्हा त्यांची नजर माळ्याकडे जाते. ते माझ्याशी नाही बोलत, तुझ्याशी बोलतात. मी मोरीत जास्त वेळ लावला तरी आई दार वाजवते. मला नापास पण निवांत होता येत नाही. तू कामावरून येतोस, जेवतोस, झोपतोस. तुझ्यावर कुणी डोळा ठेवून नसतं. मला तुझा हेवा वाटतो."

आपल्यावर कुणी डोळा ठेवून नसतं, हे सुखाचंही असू शकतं, हे सम्यकला पहिल्यांदाच कुणी सांगत होतं. पण त्याचं मन लगेच निवळलं वगैरे नाही. उलट, हिला तक्रार करायलाही प्रेमच मिळालं, असं त्याला वाटलं. तरी त्याने तिची इडली तिच्यापुढे सरकवली आणि खा म्हणाला. त्या दिवशी ती गेटातून आत गेली नाही. दुसऱ्या दिवशी गेली. तो बाहेर उभा राहिला आणि ती इमारतीच्या आड गेल्यावर निघाला.

असं काही दिवस चाललं. मग केंद्रातल्या पद्मजा मॅडमनी घरच्या कुणालातरी भेटायला बोलावलं. बाबांना सुट्टी मिळेना, म्हणून सम्यक गेला. आपण गेट ओलांडतोय हे त्याला ओलांडून झाल्यावर कळलं. मॅडम शांत बाई होत्या. मानसीने सगळे विषय एकदम न देता थोडे पुढच्या सत्रात द्यावेत, एक वर्ष जास्त लागेल पण जमेल, असं त्यांनी समजावून सांगितलं. बोलता बोलता त्यांनी विचारलं, तुम्ही कुठे शिकलात?

"इथेच," सम्यक म्हणाला. "पूर्ण नाही केलं."

कोणतं वर्ष, असं त्यांनी विचारलं. त्याने सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, त्या वर्षी बरीच मुलं सोडून गेली. त्यानंतरच हे केंद्र सुरू झालं.

तो खोलीभर बघत राहिला. खिडकीला पडदा होता, कोपऱ्यात पाण्याचं भांडं, भिंतीला लागून दोन मऊ खुर्च्या. हे सगळं त्याच्यासारख्यांमुळे इथे आलं होतं आणि त्याला मिळालं नव्हतं. मानसी त्यातल्या एका खुर्चीत आरामात टेकून बसली होती. त्या क्षणी त्याला तिला हात धरून उठवावंसं वाटलं.

रविवारी सकाळी बाबा गॅलरीत बसून कामाच्या बुटांना पॉलिश करत होते. आई आणि मानसी भाजी आणायला खाली गेल्या होत्या. सम्यक येऊन कठड्याला टेकला. त्याने केंद्राचं सांगितलं, ते कधी सुरू झालं तेही सांगितलं. बाबा ऐकत होते, ब्रश चालू होता.

"बाबा, तिला जे म्हणालात, ते मला का नाही म्हणालात?"

ब्रश थांबला. बाबांनी त्याच्याकडे बघितलं नाही. म्हणाले, "तेव्हा मला वाटायचं, मी गप्प राहिलो की तुला लागेल, आणि लागलं की तू उठशील."

"मी नाही उठलो."

"नाही. मग कसं बोलायचं तेच मला कळेना. तू माळ्यावर असायचास, मी खाली बसून पेपर धरायचो. एक अक्षर वाचायचो नाही. आगारात इंजिन उघडायचो तरी डोक्यात तूच." त्यांनी बूट खाली ठेवला. "तिला जे बोलतो ते सगळं तुझ्यामुळे यायला लागलं, सम्या. तुझ्यावर शिकलो मी."

"मग माझं काय?"

 बाबांनी दुसरा बूट उचलला, उलटा करून बघितला, पुन्हा ठेवला. "ते आता परत करता नाही येणार," एवढंच ते म्हणाले.

सम्यक कठड्यावरून खाली बघत राहिला. बाबांनी कधीतरी हे बोलावं म्हणून तो इतकी वर्षं थांबला होता, आणि बोलले तेव्हा त्याला हवं होतं तेवढं ते नव्हतं. त्यातही त्याला विचारावं लागलं होतं; मानसीला न विचारता मिळालं होतं. खालून भाजीच्या पिशव्या घेऊन दोघी येताना दिसल्या. तो खाली उतरला आणि त्याने आईच्या हातातली पिशवी घेतली. मानसीनेही आपली पुढे केली. ती त्याने घेतली नाही.

परीक्षा जवळ आल्या. मानसीला लेखी जमत होतं, भीती होती ती व्हायवाची. एका संध्याकाळी सम्यकने तिच्यासमोर खुर्ची ओढली, तिचं जर्नल उघडलं आणि मोठ्या परीक्षकासारखा आवाज काढून प्रश्न विचारायला सुरुवात केली. त्यातलं निम्मं त्याला कळत नव्हतं. उत्तरं पुस्तकात बघून तो पडताळत होता. तिचा आवाज अडला की तो घड्याळाकडे बघायचा, जांभई द्यायचा, इथपर्यंत आलात कशा असंही म्हणायचा. पहिल्यांदा हे ऐकून तिच्या डोळ्यात पाणी आलं. बाबा आतून उठून आले, पुरे झालं म्हणाले. मानसीनेच त्यांना परत पाठवलं. पुढच्या वेळी त्याने तेच म्हटलं तेव्हा ती म्हणाली, "बसने आले सर," आणि आईसुद्धा हसली.

हे करताना सम्यकला एक सूक्ष्म सुख मिळत होतं हे खरं आहे. बहिणीला घाम फोडायचा रीतसर परवाना त्याला मिळाला होता. पण रोज बसता बसता तिचा आवाज कुठे अडतो ते त्याला आधीच कळायला लागलं, आणि तो अडायच्या आत त्याचाच श्वास अडायला लागला. मग तो प्रश्न थोडा बदलून विचारायचा. तिच्या ते लक्षात यायचं, पण ती तसं दाखवायची नाही.

व्हायवाच्या दिवशी त्याने अर्धी सुट्टी घेतली आणि वर्गाबाहेरच्या व्हरांड्यात बसला. आठ वर्षांपूर्वी याच व्हरांड्यातून तो परत फिरला होता. मानसी बाहेर आली तेव्हा तिची ओढणी एका बाजूला लोंबत होती आणि चेहरा धुतल्यासारखा दिसत होता. दोन प्रश्न आले, एक नाही आला, नाही आला असं सांगितलं, ती म्हणाली. नाही आला असं तोंडाने सांगता येतं हे तिला आज कळलं होतं. सम्यकला वाटलं, एवढंच होतं? एवढं एक वाक्य?  तिने त्याचा दंड धरला आणि दोघं जिना उतरली.

त्या सत्रात ती बाकीच्या विषयांत सुटली, एकात केटी लागली. बाबांनी कुल्फी आणली. केटी लागल्यावर कुल्फी आणणारा बाप बघून सम्यकला पुन्हा ती ओळखीची कळ आली. या वेळी त्याने ती गिळली नाही. सगळ्यांसमोर, कुल्फीची काडी हातात घेऊन तो म्हणाला, "मला जळायला होतं हिच्यावर. अजून होतं."

आई गडबडली. बाबा काडीकडे बघत राहिले. मानसी म्हणाली, "माहितीये. तुझी वितळतेय."

ती एक वर्ष उशिरा इंजिनीअर झाली. आता अंधेरीला नोकरी करते. अजूनही मोठ्या मीटिंगच्या आधी तिची बोटं गार पडतात आणि तेव्हा ती दादाला मेसेज करते. कधी तो लगेच उत्तर देतो, कधी मुद्दाम थोडं थांबून. सम्यक त्याच कंपनीत आहे, त्याच्या हाताखाली आता बरीच माणसं आहेत. पुन्हा शिकशील का असं मानसीने त्याला दोनदा विचारलं, त्याने दोन्ही वेळा विषय बदलला. त्याचा हेवा पूर्ण गेला असं म्हणता येणार नाही. घरात कुणी "आमच्या मानसीने काय सोसलं" म्हणून सुरुवात केली की तो उठून गॅलरीत जातो.

बाबा आता निवृत्त झालेत. त्या रविवारनंतर काही महिन्यांनी त्यांनी एक सुरू केलं. दुपारी, जेवणाच्या सुमाराला, ते सम्यकला फोन करतात. पहिल्यांदा फोन आला तेव्हा तो एका टॉवरच्या मशीनरूममध्ये होता आणि घरी काही झालं की काय म्हणून घाबरला. बाबांनी विचारलं, "जेवलास का?" तो हो म्हणाला. मग दोघांनाही पुढे काही सुचलं नाही. पण फोन बाबांनी ठेवला नाही, त्यानेही नाही. पलीकडे आगारातले आवाज येत होते, इकडे मोटर घरघरत होती. बऱ्याच वेळाने बाबा "बरं" म्हणाले.

तेव्हापासून रोज येतो. एवढंच विचारतात. मानसीला असा फोन येत नाही हे सम्यकने एकदा तिच्याकडून आडून आडून काढून घेतलं. तिला याची कल्पनाही नाही. आणि तिला हे कळणार नाही याची तो काळजी घेतो. दुपारी ती शेजारी असली आणि मोबाइल वाजला, तर कामाचा फोन आहे असं सांगून तो बाहेर जातो.